दोन तारे जास्तीचे

सिराजभाईंनी माझा फोटो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि म्हणाले, "अभिनंदन, ललिताताई. दोन नवे तारे शोधलेत तुम्ही. नावं काय ठेवताय?"

मला आधी खरंच वाटलं. इतकी मी नवखी.

कॅम्पातल्या त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, पोट उघडून ठेवलेल्या दोन मनगटी घड्याळांच्या शेजारी, माझा मृग नक्षत्राचा फोटो पडला होता. वारज्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला. आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे तेव्हाचा जुना स्टँड, त्यावर मोबाइल, आणि एकामागून एक चाळीस फोटो. मग ते चाळीस फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. एकेका फोटोत जे तारे बुडालेले असतात ते असे थर लावले की हळूहळू वर येतात. हे मी व्हिडिओ बघून शिकले. माझं सगळं शिक्षण असंच झालं आहे.

"इथं काहीतरी होतं," सिराजभाईंनी पेचकशाचं टोक फोटोवर टेकवलं. "काय पुसलंत?"

"केबल. समोरच्या इमारतीवरून आमच्याकडे येते ना, ती. बरी दिसत नव्हती."

"आणि तिच्या जागी?"

"शेजारचं आकाश उचलून चिकटवलं."

"ताऱ्यांसकट."

यात माझी काही चूक आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. आमच्या फोटो स्टुडिओत मी बारा वर्षं हेच करते आहे. लोक जुने फोटो घेऊन येतात. वाळवीनं आजोबांचा अर्धा गाल खाल्लेला असतो, आजीच्या कपाळावरून घडी गेलेली असते. मी चांगल्या गालावरचा तुकडा उचलते, फाटक्या गालावर लावते. आजोबांना नवा कान देते. लोक डोळे पुसत फोटो घेऊन जातात आणि भिंतीवर लावतात. कुणी मला आजवर विचारलं नाही, की हा कान कुणाचा.

"हे बघा," सिराजभाई म्हणाले, "बरं दिसायला हवं असेल तर लग्नाचे फोटो काढा. आकाशात जे दिसलं नाही ते काळं ठेवायचं. केबलमागं काय आहे हे तुम्हाला माहीत आहे? नाही ना? मग गप्प बसायचं."

सत्तरीला आलेला माणूस, तीस वर्षं स्वतःच्या हातानं आरसे घासून दुर्बिणी बनवतोय, त्याच्याशी काय वाद घालणार. मी फोटो पिशवीत घातला. "शनिवारी तारे बघायला येताय ना?" त्यांनी विचारलं. "स्वेटर आणा. आणि तो इरेझर घरी ठेवून या."

त्या शनिवारपासून माझी झोप गेली.

खडकवासल्याच्या पुढे, पानशेत रस्त्याला, सिराजभाईंच्या एका ओळखीच्या माणसाचं मोकळं शेत आहे. धरणावरची कणसं आणि भज्यांची गर्दी मागे पडली की एकदम अंधार होतो. डिसेंबर होता. साडेसात वाजले होते आणि आम्ही पंधरा-सोळा जण थंडीत हात चोळत उभे होतो. मधोमध सिराजभाईंची दुर्बीण, रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपाएवढी जाड. पण नवख्यांना तिला हात लावायची परवानगी नव्हती.

"आधी डोळे, मग दुर्बीण," ते म्हणाले. "वर बघा. तो छोटा पुंजका दिसतोय? कृत्तिका. एकेका डोळ्यानं मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. आणि फिका तारा बघायचा असेल तर थेट त्याच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा. अंधारात कडेची नजर जास्त तेज असते. टक लावलीत तर लपतो, दुर्लक्ष केलंत तर येतो."

"आमच्या साहेबांसारखा," कुणीतरी मागून म्हणालं.

मी डावा डोळा हातानं झाकला. उजव्या डोळ्यानं मोजल्या. सहा. मग पुंजक्याच्या जरा बाजूला नजर टाकली आणि खरंच, सहांच्या कडेला सातवी उमटली. ओरडावंसं वाटलं. त्रेपन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला नवीन काही देत नाही, आणि हे असं फुकट.

मग उजवा डोळा झाकला. डाव्यानं सहा मोजल्या. पुंजक्याच्या जरा डावीकडे बघितलं.

कृत्तिका गेल्या.

फिक्या झाल्या नाहीत. गेल्या. सगळ्या, एकदम. पुन्हा थेट बघितलं, आल्या. डावीकडे बघितलं, गेल्या. मी चष्मा काढून पदरानं पुसला. पुन्हा तेच. उजवीकडे बघितलं तर मात्र जागच्या जागी. तिथं एखादं भोक दिसलं असतं तरी चाललं असतं. तिथं आकाश होतं, सलग, नीटनेटकं, फक्त कृत्तिका नसलेलं.

"सिराजभाई, ढग आला का?"

"डिसेंबरात? काच पुसा."

"पुसली."

"मग आकडा सांगा. डाव्याच्या किती?"

आजूबाजूला सगळे सहा म्हणत होते, सात म्हणत होते.

"सात," मी म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं.

का घाबरले ते सांगते. माझी आई, द्वारकाबाई, शेवटची नऊ वर्षं आंधळी होती. सुरुवात अशी झाली, की ती चहा कपाच्या शेजारी ओतायला लागली. आम्ही हसायचो. ती पण हसायची. मग दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. जो तो म्हणाला, मोतीबिंदू असेल, पिकू द्या. आम्ही पिकू दिला. तो काचबिंदू होता. तो पिकत नाही, तो कडेकडेनं खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात उतरतं, मुलांनी दरवर्षी डोळे तपासून घ्या. मी मान डोलावली होती. त्याला अकरा वर्षं झाली. दरवर्षी काहीतरी निघायचंच, लग्नसराई, शाळांच्या फॉर्मांचे फोटो. खरं सांगायचं तर काही निघत नव्हतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी साडेसातला गच्चीवर. हायवेच्या उजेडानं वारज्यातून कृत्तिका पाचच दिसतात, पण माझ्या कामाला पाच पुरे होत्या. उजवा झाकायचा, डावीकडे बघायचं. गेल्या. एक दिवस वाचलं, की प्रत्येकाच्याच डोळ्यात एक आंधळी जागा असते, जन्मापासून, सगळ्यांना. इतका आनंद झाला की खाली येऊन मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. ती जागा कानाच्या बाजूला असते. माझी नाकाच्या बाजूला होती.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. तिथं भोक का दिसत नाही ते कळलं. माझा डोळा शेजारचं आकाश उचलून तिथं चिकटवत होता. मी केबलवर केलं तेच. किती दिवस, किती वर्षं करत होता कुणास ठाऊक, आणि मी भिंतीवर लावून बघत बसले होते.

दोन्ही डोळे उघडे असले की सगळं ठीक दिसायचं, उजवा डाव्याचं झाकून घ्यायचा. म्हणून मी एकच डोळा उघडा ठेवून जग तपासायला लागले. कॅलेंडरवरचे आकडे. जिन्याच्या पायऱ्या. गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो. एकदा ह्यांनी पकडलं.

"कोणाला डोळा मारतेस?"

"तुम्हाला."

"पस्तीस वर्षं उशीर झाला," असं म्हणून हे पुन्हा पेपरात शिरले.

स्कूटर चालवणं मी बंद केलं. उड्डाणपुलाखालून जाताना वाटायचं, ज्या बाजूला मला काही दिसत नाही तिथूनच ट्रक येणार. ह्यांना सांगितलं, मागच्या टायरमध्ये हवा राहत नाही. ह्यांनी खाली जाऊन टायर दाबून बघितला, वर आले आणि हात धुतले.

शेवटी एका मंगळवारी कापड आणायला जाते सांगून कर्वे रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, तो जास्त होता, आणि नजरेची तपासणी लिहून दिली. ती करणारी मुलगी, अक्षता, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं.

"काकू, हनुवटी इथे ठेवा. समोर पिवळा लाइट आहे, त्याच्याकडेच बघत राहायचं, नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक पांढरे लाइट लागतील. दिसला की बटण दाबायचं. खूप फेंट असतात हं, सगळे कोणालाच दिसत नाहीत. टेन्शन नका घेऊ."

उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. डोकं त्या मोठ्या पांढऱ्या वाटीत. आणि तारे लागायला लागले. एक इथे, एक तिथे, अगदी फिके. थेट बघायचं नाही, कडेनं बघायचं. हे तर शेतातलंच चाललं होतं, फक्त इथं खोटं बोलायला वही नव्हती.

पण बटण होतं. मशीन बारीकसा 'टक' आवाज करायचं आणि मग तारा लागायचा. टक, तारा, दाब. टक, तारा, दाब. मग एक टक आली आणि काहीच लागलं नाही. पुन्हा टक. काही नाही. टक. काही नाही. त्या अंधारात मला आईचा चहा दिसला, बशीच्या बाहेर ओट्यावर पसरत जाणारा. चौथ्या टकला मी बटण दाबलं. तिथं तारा असणारच की. शेजारी होता, म्हणजे इथेही असणार. त्यानंतर मी थांबलेच नाही.

अक्षतानं कागद हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काकू, लाइट लागला नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय."

"मशीनला कळतं?"

"मशीन मुद्दाम फसवतं ना मधूनमधून. नुसता आवाज करतं." तिनं कागद टेबलावर ठेवला. "ही टेस्ट धरता येणार नाही. सोमवारी परत करू. मस्त झोप काढून या."

मी तो कागद मागून घेतला. त्यावर माझ्या डाव्या डोळ्याचा नकाशा होता, जिथं दिसत नाही तिथं काळं येतं. माझा नकाशा जवळजवळ पांढरा होता. इतकं सफाईदार काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. घरी येऊन मी तो कात्रीच्या खणात ठेवला. सोमवारी गेले नाही. बुधवारी दवाखान्यातून फोन आला, मी कट केला. रोज खण उघडून कागद बघायची. पांढरा आहे. छापील आहे. मशीननं काढला आहे. आणि संध्याकाळी गच्चीवर कृत्तिका जायच्या.

गुरुवारी ह्यांना कात्री हवी होती.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा हे खणापाशी उभे होते, कागद उजेडाकडे धरून. चाळीस वर्षं फोटोंत काढलेला माणूस, कुठलाही कागद आधी उजेडाकडेच धरणार.

"हा कसला फोटो?"

"काही नाही. स्टुडिओतलं आहे."

"खोटा वाटतो," हे म्हणाले. "सगळीकडे सारखाच उजेड. असं कुठे असतं?" मग वर छापलेलं माझं नाव वाचलं. तारीख वाचली. कागद सावकाश खाली आला. "टायरला काही झालेलं नाही, ललिता. मी तेव्हाच बघितलंय."

मी नुसतं वर बोट केलं.

आमचे हे कधी गच्चीवर येत नाहीत. फोटोतलं आकाश आयुष्यभर फ्लॅश मारून घालवलं, आता काय बघायचं, म्हणतात. त्या संध्याकाळी गुडघा धरत तीन मजले चढले. मी त्यांना कृत्तिका दाखवल्या. उजवा डोळा झाकला, डावीकडे बघितलं.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"गेल्या."

ह्यांनी स्वतःचा उजवा डोळा झाकला, डावीकडे बघितलं. बराच वेळ. "मला दिसतात," म्हणाले, आणि ते इतक्या ओशाळवाण्या आवाजात, की जणू माझ्या त्यांनी घेतल्या होत्या.

"तुम्हाला दिसणारच."

"आईंचा चहा आठवतो मला," हे थोड्या वेळानं म्हणाले. "मीही हसलो होतो तेव्हा." त्यांनी माझं कोपर धरलं होतं. "उद्या जाऊ. स्कूटर मी चालवतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ती खोली, ती पट्टी, ती वाटी. दाराबाहेर हे बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन.

टक, तारा. दाबलं. टक, तारा. दाबलं. मग ते सुरू झालं. टक. काही नाही. अंगठा बटणावर ठेवलेला आणि तो आपोआप खाली जायला बघत होता. मी तो उचलून धरला. टक. काही नाही. ह्यातली फसवी टक कुठली आणि खरी कुठली हे मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. जे दिसलं नाही ते काळं ठेवायचं. टक. इतकं काळं? टक. डोळ्यात पाणी आलं आणि पिवळा दिवा लांबुळका झाला. "काकू, थांबू का?" अक्षतानं मागून विचारलं. मी म्हणाले, "नको, चालू दे. आता थांबलीस तर मी परत येणार नाही."

कागद आला. वरच्या बाजूला, नाकाकडे, एक काळा डाग होता, वाकलेला, वाळवी लागलेल्या फोटोवर असतो तसा. मी तो ओळखला. गेला महिनाभर मी त्यात रोज कृत्तिका टाकत होते.

"काचबिंदूच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेलंय ते परत येणार नाही, हे आधीच सांगते. राहिलंय ते सांभाळायचं. रोज रात्री थेंब, एक दिवसही चुकवायचा नाही, आणि दर चार महिन्यांनी ही तपासणी. उजवा डोळा अजून चांगला आहे. पण तुम्हाला कळलं कसं? एवढ्या डागाचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही."

"कृत्तिका मोजताना," मी म्हणाले.

त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मोजत राहा," म्हणाल्या.

बाहेर ह्यांनी कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. "हा खरा आहे," एवढंच बोलले, आणि घडी पडणार नाही असा शर्टाच्या आत ठेवला.

पुढच्या शनिवारी शेतात आम्ही दोघं गेलो. मी सिराजभाईंकडे वही मागितली, माझं नाव काढलं, डाव्या डोळ्यापुढचा सात खोडला. थेट बघून सहा. डावीकडे बघून शून्य. सगळं लिहिलं. त्यांनी लाल कागद लावलेली बॅटरी वहीवर धरली आणि वाचलं. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. वाटलं, आता कीव करणार, आणि ती मला सोसणार नव्हती.

"शून्य जरा गोल काढा," सिराजभाई म्हणाले. "सातासारखं वाटतंय." मग घसा साफ केला. "उजव्याच्या मोजल्या आज?"

"नाही अजून."

"मग मोजा की. थंडीत नुसत्या कशाला उभ्या आहात?"

हे थेंबांची बाटली खिशात घेऊन माझ्या मागे उभे होते, घड्याळ बघत. नऊला अजून अवकाश होता. मी डावा डोळा झाकला आणि वर बघितलं. ही भीती आता रोजची झाली आहे, रोज वर बघताना ती माझ्याआधी तिथं पोचलेली असते. एक, दोन, तीन. सहापाशी मी थांबले. थोडा वेळ तशीच थांबले. मग नजर जरा बाजूला नेली.

सातवीनं वेळ घेतला. आली.